दर्शनी किंमत, स्थानिक किंमत

माझा भाचा आठवीत आहे. मागच्या रविवारी गंगापूर रोडला त्यांच्याकडे गेले तेव्हा तो सोफ्यावर पाय वर घेऊन मोबाइलवर खेळत होता. पडद्यावर एक योद्धा आणि त्याच्या शेजारी चौकटींचा तक्ता. आडवी सहा घरं, उभी पाच. ताकद, वेग, बचाव, आगीपासून संरक्षण हे सगळे गुण तुकड्यांच्या रूपात मिळतात. कुठला तुकडा काठीसारखा सरळ, कुठला काटकोनात वळलेला, कुठला पायरीसारखा. ते या तीस घरांत बसवायचे. बसले तेवढे योद्ध्याच्या अंगी लागतात, बाहेर राहिले ते वाया. मला ही कल्पना बघताक्षणी आवडली. म्हटलं, दाखव बरं कसं बसवतोस. त्यानं खालच्या कोपऱ्यातल्या एका बटणावर अंगठा टेकवला. बटणावर लिहिलं होतं 'ऑटो'. तुकडे आपले आपण जाऊन बसले.

"झालं, मावशी."

"यात तू काय केलंस?"

"ऑटो केलं ना!"

आजचं सदर त्या 'झालं'वर आहे. तक्त्यात सात घरं रिकामी होती आणि पोराला त्याचं काही वाटत नव्हतं. गेम खेळतो म्हणून मी त्याला एक शब्द बोलले नाही, बोलणारही नाही. माझी तक्रार तो खेळत नाही ही आहे. त्या गेममध्ये डोकं लावण्याजोगी एकच जागा होती, ती त्यानं बटणाला देऊन टाकली. स्वतःकडे ठेवलं काय, तर पुढचा तुकडा कधी मिळतो याची वाट बघणं.

मग आम्ही दोघं बसलो. ऑटोनं एक मोठा सोनेरी तुकडा मधोमध ठेवला होता. सहा घरं खाणारा, क्रुसासारखे चारी बाजूंना फाटे फुटलेला. म्हटलं, हा काढून बघू या का? भाचा दचकलाच. "मावशी, लेजंडरी आहे तो! तीन आठवडे ग्राइंड केलंय." तरी काढला. त्याची सहा घरं आणि त्याच्या फाट्यांच्या बगलेत अडकून पडलेली चार घरं मिळून चार साधे निळे तुकडे मावले. योद्ध्याची एकूण ताकद वाढली. भाच्यानं तो आकडा दोनदा वाचला. सोनेरी तुकडा परत बसवून बघितला, परत काढला. पुढचा अर्धा तास त्यानं फोन माझ्या हातात दिला नाही.

हे त्याला प्राथमिक शाळेतच शिकवलेलं आहे. ५५५ मधल्या तिन्ही पाचांची दर्शनी किंमत पाचच. स्थानिक किंमत मात्र एकाची पाच, दुसऱ्याची पन्नास, तिसऱ्याची पाचशे. एकक, दशक, शतक ही घरं. अंक तोच, घर बदललं की मोल बदललं. आपण सगळ्यांनी हे पाठ केलं, पेपरात मार्क मिळवले आणि विसरलो. सोनेरी रंग, चमकणारी कड, 'लेजंडरी'चा शिक्का ही त्या तुकड्याची दर्शनी किंमत. तो किती घरं खातो, शेजाऱ्याची किती घरं नासवतो, कोणत्या कोपऱ्यात बसू शकतो, ही स्थानिक किंमत. चौकटीवरचे चांगले गेम मुलांना ही दुसरी किंमत वाचायला लावतात. म्हणून मी या गेमांच्या बाजूची आहे.

बाजूची आहे तर पुरावाही देते. 'डायब्लो' १९९६ साली आला. त्यात खेळाडूच्या पिशवीत आडवी दहा आणि उभी चार, म्हणजे चाळीस घरं होती. अंगठी एका घरात मावायची, चिलखताला सहा घरं लागायची. २००१ मध्ये 'डायब्लो २'ला जोड आली, तिच्यात 'चार्म' नावाचे ताईत आले आणि या पिशवीचं खरं कोडं झालं. ताईत अंगावर घालायचा नसतो. तो पिशवीत असेपर्यंत काम करतो. छोटा ताईत एका घराचा, मधला दोन घरांचा, मोठा तीन घरांचा. आयुष्य वाढवणारा उत्तमातला उत्तम मोठा ताईत ४५ देतो आणि छोटा २०. नवखा पोरगा ४५ बघून मोठा उचलतो. पण मोठा तीन घरं खातो, म्हणजे घरामागे पंधरा. त्याच तीन घरांत छोटे तीन ठेवले तर साठ. मग मोठा टाकून द्यायचा का? तसंही नाही, कारण एखाद्या विद्येची पायरी वाढवणारा ताईत मोठ्या आकारातच येतो, छोट्यात मिळत नाही. आणि ताईतांनीच पिशवी भरली तर लढाईत मिळालेला माल ठेवायचा कुठे? त्याच गेममध्ये एक जादूची पेटी आहे. पिशवीत ती चार घरं घेते आणि तिच्या पोटात बारा घरं असतात. चारला बारा, सौदा झकास. पण पेटीत ठेवलेला ताईत काम करत नाही. ज्यानं कुणी हा शेवटचा नियम घातला त्याला माझा नमस्कार. तो नसता तर सगळ्यांनी सगळं पेटीत कोंबलं असतं आणि कोडं तिथंच संपलं असतं.

जपानी मंडळी याच्याही पुढे गेली. २००२ मध्ये जपानात आलेल्या 'मेगामॅन बॅटल नेटवर्क ३' मध्ये पात्राचे गुण म्हणजे रंगीत ठोकळे आहेत. चार बाय चारची चौकट, पुढे ती पाच बाय पाच होते. काही ठोकळे मधल्या एका ओळीला शिवलेच पाहिजेत, काहींनी शिवता कामा नये, आणि एकाच रंगाचे दोन ठोकळे एकमेकांना चिकटले की पात्रात बिघाड. २००९ च्या 'किंगडम हार्ट्स ३५८/२ डेज' मध्ये तर तुमची लेव्हलसुद्धा एक तुकडा आहे. मिळवलेली लेव्हल चौकटीत ठेवलीत तरच ती तुमची, नाही तर नाही. एक घर लेव्हलला द्यायचं की औषधाला, हे दर मोहिमेआधी ठरवा. अलीकडच्या, २०२३ मध्ये पूर्ण झालेल्या 'बॅकपॅक हीरो' मध्ये तर पाठीवरची पिशवी भरणं हाच सगळा गेम आहे. कशाच्या शेजारी काय ठेवलं यावर हत्याराचा जोर ठरतो.

आता नाशिककरांना उद्देशून एक गोष्ट. तुकडे तेच आणि जागा बदलली की किंमत बदलते, या एका गोष्टीत आयुष्य घालवलेला माणूस आपल्या गावात होऊन गेला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. तिथं असताना १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळवलं. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिक्षक. पदवीपुढचं गणिताचं शिक्षण नव्हतं, विद्यापीठात खुर्ची नव्हती. त्यांचं नाव ज्या संख्येला लागलं ती ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि पुढे कितीही केलं तरी तिथंच राहते.

मी त्यांचं जन्मवर्षच घेऊन बघितलं. १९०५. ९५१० वजा ०१५९, ९३५१. मग ९५३१ वजा १३५९, ८१७२. मग ८७२१ वजा १२७८, ७४४३. मग ७४४३ वजा ३४४७, ३९९६. मग ९९६३ वजा ३६९९, ६२६४. मग ६६४२ वजा २४६६, ४१७६. मग ७६४१ वजा १४६७, ६१७४. बरोबर सात पायऱ्या, लागू शकतात तितक्या सगळ्या. चार घरं आणि चार अंक, एवढ्याच सामानावर हा सगळा खेळ. कापरेकरांनी एका जातीच्या संख्यांना देवळालीचं नाव दिलं, दुसऱ्या एका जातीला डोंबिवली स्टेशनवरून 'डेम्लो' म्हटलं, कारण कल्पना तिथं सुचली होती. आपल्याकडच्या गणितज्ञांनी बराच काळ त्यांना मोजलं नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि मग जगाला देवळाली कळली. १९८६ साली देवळालीतच ते गेले.

हे गार्डनर याच सदरात १९५७ साली आणखी एका गोष्टीबद्दल लिहून बसले होते: एकसारखे चौकोन कडेला कडा लावून जोडले की होणारे आकार. सॉलोमन गोलोम्ब या तरुण गणितज्ञानं त्यांना १९५३ मध्ये 'पॉलिओमिनो' असं नाव दिलं होतं. पाच-पाच घरांचे असे आकार बाराच होतात, ना तेरा ना अकरा. रशियातल्या अलेक्सेई पाजितनोव यांना १९८४ मध्ये 'टेट्रिस' सुचला तो याच पाच घरांच्या तुकड्यांवरून. त्यांनी ते चार घरांचे केले. माझ्या भाच्याच्या फोनवरचे तुकडे याच वंशातले. देवळालीच्या मास्तरांना आणि या तुकड्यांना जगापुढे आणणारं सदर एकच होतं, हे कळलं तेव्हा मी भाच्याला फोन करून सांगितलं.

पण चौकट भरायची विद्या बघायला मोबाइल लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-दिंडोरीकडच्या निर्यातीच्या कुठल्याही पॅकहाउसमध्ये जाऊन उभं राहा. टेबलाशी बायका उभ्या असतात. एका बाजूला द्राक्षांचे क्रेट, हातात बारीक टोकाची कात्री, पुढ्यात वजनकाटा आणि अर्ध्या किलोचा पारदर्शक पनेट. घड काही मापानं लागत नाहीत. एक साडेतीनशे ग्रॅमचा, एक दोनशे ऐंशीचा, एक लांबुडका, एक खांदे फुटलेला. झाकण लागलं पाहिजे. मणी दबता कामा नये. देठ मण्यांत घुसता कामा नये. वजन पाचशेच्या खाली जाता कामा नये. वाटेत पाणी उडून घट येते, म्हणून थोडं वरच हवं. फार वरही नको, कारण पनेटचा दर ठरलेला, जास्तीचा माल बागायतदाराच्या खिशातून जातो. असे दहा पनेट एका खोक्यात, म्हणजे पाच किलो.

मी पाहिलेल्या एका ताईंनी पहिला घड तळहातावर तोलला आणि पनेटमध्ये तिरका ठेवला. एका कोपऱ्यात बोटभर खळगा राहिला. क्रेटमध्ये त्यांची नजर दोन सेकंद फिरली. एक छोटा झुबका उचलला, कात्रीनं त्यातले दोन मणी काढले, झुबका उलटा करून खळग्यात बसवला. काट्यावर ५१२. झाकण. पुढचा. मी विचारलं, "ताई, कसं कळतं?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "जागा आधी बघायची, माल मागनं."

क्रेटमधला सगळ्यात देखणा घड, किलोला टेकलेला, मात्र पनेटच्या काही कामाचा नव्हता. तो त्यांनी तीन जागी कापला. हळहळल्या नाहीत.

भाच्याला मी एवढंच करायला सांगत होते. ऑटो बटण नेमकं उलटं करतं: माल आधी, जागा मागून. मोठ्यात मोठा आकडा उचलायचा, बसेल तिथं बसवायचा, मग पुढचा. या पद्धतीत खोट कुठे आहे ते वहीत करून बघता येईल. समजा आपल्याकडे दहा घरं आहेत. एक तुकडा सहा घरांचा, ताकद ६६. आणखी दोन तुकडे पाच-पाच घरांचे, ताकद प्रत्येकी ५०. हावरी पद्धत ६६ वाला उचलते. चार घरं उरतात, त्यांत काहीच बसत नाही. हिशेब ६६ वर थांबला. दोन पन्नासवाले घेतले असते तर शंभर झाले असते आणि एकही घर रिकामं राहिलं नसतं. घरामागे ताकद मोजली तरी पहिला तुकडाच सरस दिसतो, अकरा विरुद्ध दहा. म्हणून हा घोळ चांगल्या चांगल्यांचा होतो. मर्यादित पिशवीत जास्तीत जास्त मोलाचा माल कसा भरायचा, हा प्रश्न संगणकशास्त्रातल्या नामांकित अवघड प्रश्नांपैकी एक आहे. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये अशा २१ प्रश्नांची यादी केली, तीत पिशवीचा प्रश्न आहे. सगळ्या पिशव्यांना लागू पडेल अशी झटपट युक्ती आजवर कोणाला सापडलेली नाही. आठवीतलं पोर तीस घरांवर ज्याच्याशी झुंजू शकतं तो प्रश्न असला तालेवार आहे, आणि आपण ती झुंज त्याच्याकडून काढून घेतो.

आकाराची गंमत तर आणखी वेगळी. चार घरांचे आकार पाच प्रकारचे होतात, उलटसुलट केलेला एकच धरला तर: सरळ काठी, चौकोन, एल, टी आणि पायरी. पाच चोक वीस. तेव्हा चार बाय पाचच्या वीस घरांत हे पाच मावायला हवेत, असं वाटतं. नाही मावत. रात्रभर बसा, नाही मावत. कारण बघा. बुद्धिबळाच्या पटासारखी घरं काळी-पांढरी रंगवा, दहा काळी, दहा पांढरी. काठी कुठेही ठेवा, ती दोन काळी आणि दोन पांढरी झाकते. चौकोन, एल आणि पायरीचंही तेच. टी मात्र तीन एका रंगाची आणि एक दुसऱ्या रंगाचं झाकते. म्हणजे बेरीज अकरा आणि नऊ होणार, दहा-दहा कधीच नाही. भाच्यानं आधी वीस मिनिटं प्रयत्न केला, चिडला, मग मी पेन्सिलनं घरं रंगवायला दिली. सातव्या घराला त्याचा हात थांबला आणि तो ओरडला, "टीमुळे!" शाळेत त्याला गणितात पस्तीसच्या वर जाताना मी फारसं पाहिलेलं नाही. त्या क्षणी त्यानं एक अशक्यता सिद्ध केली होती, आणि ती त्याला कळली होती.

आता ज्यांना बोलायचं त्यांना बोलते.

पहिले बिल्डवाले. बिल्ड म्हणजे पात्राच्या तुकड्यांची मांडणी. 'या पात्राची बेस्ट बिल्ड' असे व्हिडिओ बघून मुलं चौकट जशीच्या तशी उतरवून घेतात. हे अपेक्षित प्रश्नसंच पाठ करण्यासारखं आहे. उत्तर बरोबर येतं, आपलं येत नाही. अडकलात तर बघा, पण आधी अडका. तुमच्याकडे नसलेला एक तुकडा त्या व्हिडिओत असतोच. मग तो तुकडा मिळवण्यासाठी पुन्हा तीन आठवडे.

दुसरे गेम बनवणारे. जागेची टंचाई हा या खेळाचा जीव आहे, आणि हल्ली तुम्ही तिचाच धंदा मांडलात. आधी पिशवी जाणूनबुजून तोकडी शिवायची आणि मग जास्तीची घरं रुपयांत विकायची. 'पाथ ऑफ एक्झाइल' हा गेम फुकट खेळता येतो आणि कोठारातले जास्तीचे कप्पे पैशानं विकतो, पण निदान अंगावरची पिशवी गरिबाला आणि श्रीमंताला सारखीच आहे, बारा बाय पाच. कोठार विकणं मी एक वेळ समजू शकते. जिच्यात बिल्ड बसवायची ती चौकटच विकायला काढली की कोडं राहतच नाही. बुद्धिबळात पैसे भरून चौसष्टऐवजी सत्तर घरं मिळत असती, तर कोणी डाव मांडला असता का? त्यात तुकडे लॉटरीसारखे सोडतीत वाटले तर मूल चौकटीकडे बघतच नाही, सोडतीकडे बघत बसतं.

तिसरे पालक. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. तेव्हापासून 'सरकारनं गेम बंद केले' असं मी कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत ऐकते आहे. बंद झाले ते पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेवर खेळायचे गेम. ते बंद झाले हे उत्तम झालं, त्यांनी घरं धुळीला मिळवली होती. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ याच कायद्यानं वेगळे काढलेत. तेव्हा फोन हिसकावण्याआधी पोरगं काय खेळतंय ते पाच मिनिटं शेजारी बसून बघा. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत आकृती फिरवून कुठे बसेल असे प्रश्न असतात आणि ते सोडवायला शिकावं म्हणून तुम्ही क्लासची फी भरता. तेच मूल घरी पायरीचा तुकडा मनातल्या मनात फिरवून बघत असताना तुम्ही त्याला रिकामटेकडं म्हणता, हा त्याच्यावर अन्याय आहे. वेळ ठरवून द्या, पैशाला कुलूप लावा, आणि ऑटोला हात लावायचा नाही हा नियम करा. तेवढ्यावर भागतं.

आणि नाशिकच्या शाळांना एक विनंती. २२ डिसेंबरला रामानुजन यांच्या नावानं गणित दिवस होतो, भाषणं होतात, ते चालू द्या. पण १७ जानेवारी हा आपल्या मास्तरांचा दिवस आहे. त्या दिवशी हार आणि भाषण नको. प्रत्येक बाकावर पुठ्ठ्याचे बारा तुकडे आणि साठ घरांची एक चौकट ठेवा आणि दोन तास शिक्षकांनी उत्तर सांगायचं नाही.

साहित्य घरचंच लागतं. लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा आणि चौकटीच्या वहीचं एक पान. पाच-पाच घरांचे बारा वेगवेगळे आकार काढा आणि कापा. फिरवून किंवा उलटून सारखा होणारा आकार पुन्हा काढायचा नाही. सहा बाय दहाच्या चौकटीत ते सगळे भरायचे. याचे २,३३९ वेगवेगळे मार्ग आहेत, तरी पहिला सापडायला घाम फुटतो. तेच बारा तुकडे, तीच साठ घरं, पण चौकट तीन बाय वीसची केली तर मार्ग उरतात फक्त दोन.

भाच्यानं आणि मी सहा बाय दहाची घेतली आहे. ती त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पडून आहे, येता-जाता जो तो एखादा तुकडा हलवतो. परवा रात्री आमचे दहा बसले होते. सरळ काठी आणि अधिकच्या चिन्हासारखा तुकडा बाहेर होते. तुमचे किती बसतात ते या सदराच्या पत्त्यावर कळवा, आणि बारा बसले तर चौकटीचं चित्र काढून पाठवा.